फीचर मॉडेलमधलं प्रत्येक फीचर म्हणजे एक क्लास करायचा का?

बिलिंगवाला_सांगली
नमस्कार मंडळी. आमचं दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर आहे, जावात. किराणा, कापड, मेडिकल सगळे गिऱ्हाईक. आधी बिल नावाचा बेस क्लास आणि खाली किराणाबिल, मेडिकलबिल असे सबक्लास होते, मग कोणाला जीएसटी कंपोझिशन (छोट्या दुकानदारांची सोपी करयोजना), कोणाला उधारी खातं, कोणाला बॅच-एक्सपायरी, असं करत करत आता कंपोझिशनमेडिकलउधारीबिल असले क्लास झालेत आणि एक छपाईचा बदल आला की दहा ठिकाणी हात घालावा लागतो. आता फीचर मॉडेलबद्दल वाचतोय, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कुठल्या सोयी निवडता येतात आणि कुठल्या एकत्र चालतात ते दाखवणारं झाड. ते झाड क्लास डायग्रामसारखंच दिसतं, तर प्रत्येक फीचरला क्लास आणि खालच्या फीचरला सबक्लास असं करायचं का? आणि जीएसटीचे नियम कुठे लिहायचे?

मूळ_फांदी
नाही हो, तसं केलंत तर जिथे अडकलाय तिथेच परत याल. क्लासच्या झाडात खालची रेघ म्हणजे 'हा त्याचाच एक प्रकार'. फीचरच्या झाडात तीच रेघ एवढंच सांगते की खालचं घेतलं तर वरचं घेतलेलं असलंच पाहिजे. उधारी खातं हा काय बिलाचा प्रकार नाही, ती दुकानदाराची निवड आहे.

ही पद्धत 1990 मध्ये कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी एफओडीए (फीचर-ओरिएंटेड डोमेन ॲनालिसिस) नावाने मांडली, त्यातला डी म्हणजे डोमेन, म्हणजे ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर आहे तो, म्हणून आधी कोड बाजूला ठेवा आणि दुकानदाराशी बोलून झाड काढा. तुमच्याकडे छपाई सक्तीची, बॅच-एक्सपायरी ऐच्छिक. करप्रकारात रेग्युलर, कंपोझिशन, बिननोंदणी यातलं एकच. पेमेंटमध्ये रोख, यूपीआय, कार्ड, उधारी यातलं किमान एक, जास्त चालतील.

जीएसटीचे नियम झाडाच्या आडव्या बंधनात, म्हणजे वेगवेगळ्या फांद्यांवरच्या फीचरमधल्या अटींत जातात. कंपोझिशनवाला गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही, तो टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय (कर न लावलेलं बिल) देतो, म्हणजे ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं टॅक्स इन्व्हॉइस) आणि कंपोझिशन एकत्र येऊच शकत नाहीत. तसंच मेडिकल निवडलं की बॅच-एक्सपायरी हवीच. हे एकदा मॉडेलमध्ये लिहिलं की कोडभर इफ टाकत फिरायला नको.

जावाकर
वरचं पटलं, फक्त कोडकडे कसं न्यायचं ते सांगतो कारण खरं दुखणं तिथे आहे. 'यातलं एकच' असेल तिथे स्ट्रॅटेजी (एकाच कामाच्या अदलाबदल करता येणाऱ्या पद्धती) मस्त बसते, करप्रकाराला एक इंटरफेस आणि तीन इम्प्लिमेंटेशन, कुठलं द्यायचं ते फॅक्टरी, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारा कोड, दुकानाचं कॉन्फिगरेशन (निवडलेली फीचर) वाचून ठरवेल. ऐच्छिक गोष्टी शक्यतो डेकोरेटर (मूळ ऑब्जेक्टवर वरून जादा काम चढवणारा क्लास) किंवा इव्हेंट ऐकणारे लिसनर. पण बॅच-एक्सपायरी बघा, ती वस्तूत फील्ड वाढवते, स्टॉकमध्ये वजावट बदलते, छपाईत कॉलम आणते, एकच फीचर आणि चार-पाच क्लासला हात. म्हणूनच फीचरला एक क्लास हे गणित जमत नाही. एका फीचरचे सगळे तुकडे एका जागी ठेवून बिल्ड करताना क्लासमध्ये मिसळायची पद्धत आहे, फीचर ओरिएंटेड प्रोग्रामिंग, त्यासाठी एक्लिप्सवर फीचरआयडीई वापरून बघा, मॉडेल काढायलाही तेच चालतं.

आणि सगळ्यात जास्त लक्ष द्या ते दोन फीचर एकमेकांना भिडतात तिथे. 'माल परत' हे फीचर चालू असेल तर पैसे गल्ल्यातून जातात, पण उधारीही चालू असेल तर ते खात्यात वजा व्हायला हवेत. हा कोड ना माल परतचा ना उधारीचा. त्याला तिसरं छोटं मॉड्यूल करा जे दोन्ही चालू असतील तरच जोडलं जाईल.

बिलिंगवाला_सांगली
आता डोकं लागलं. पण टेस्टिंगचं काय? दहाएक फीचर तर ऑन-ऑफ आहेत.

मूळ_फांदी
स्वतंत्र 10 म्हणजे 1024 प्रॉडक्ट, म्हणजे ऑन-ऑफच्या तेवढ्या वेगळ्या जुळण्या, 33 झाले तर साडेआठशे कोटींच्या वर, पृथ्वीवर तेवढी माणसं नाहीत. सगळं तपासायच्या नादी लागूच नका. प्रत्येक दोन फीचरच्या ऑन-ऑफच्या चारही जोड्या एकदा तरी येतील अशी कॉन्फिगरेशन घ्या, 10 ऑन-ऑफ फीचरना 6 पुरतात, बंधनांमुळे थोडी इकडेतिकडे. शिवाय अख्खं मॉडेल बुलियन सूत्रात मांडता येतं आणि सॅट सॉल्व्हर (असं सूत्र खरं होऊ शकतं का ते तपासणारा प्रोग्राम) त्यातली विसंगती शोधतो. उद्या कोणी ई-इन्व्हॉइस चुकून सक्तीचं केलं तर कंपोझिशन कधीच निवडता येणार नाही, असं मेलेलं फीचर टूल लगेच दाखवतं.

जावाकर
एक महत्त्वाचं राहिलं, कधी ठरवायचं. मेडिकल की किराणा हे इन्स्टॉल करताना ठरलं तरी चालेल. करप्रकार मात्र बिल्डमध्ये गोठवू नका. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाच्या मध्येच दीड कोटीच्या वर गेली की कंपोझिशन सुटतं, त्या दिवसापासून टॅक्स इन्व्हॉइस द्यावं लागतं आणि जुनी बिलं मात्र बिल ऑफ सप्लायच राहतात. म्हणून स्ट्रॅटेजी दुकानावरून नाही, बिलाच्या तारखेवरून निवडा, म्हणजे मार्चमध्ये ऑगस्टचं बिल परत छापलं तरी ते जुन्याच नियमाने निघेल.