चामड्याच्या तळाच्या बुटांना घरी रबरी हाफ सोल कसा लावावा? (पुणे, बजेट ४०० रु.)

मुठाकाठ:
ऑफिसचे काळे डर्बी बूट आहेत. तळ पूर्ण चामड्याचा, टाचेखाली रबराचा तुकडा. चवड्याखालचा भाग घासून गुळगुळीत झालाय, पण भोक नाही आणि अंगठ्याने जोरात दाबलं तरी तळ आत जात नाही. मेट्रो स्टेशनच्या ओल्या फरशीवर आणि सोसायटीच्या जिन्यात पाय सटकतो. चवड्याखाली रबरी सोल प्रोटेक्टर (हाफ सोल) घरीच लावायचे आहेत. मागे चिकट थर असलेले घ्यावेत, की साधं रबर घेऊन सोल्युशन लावावं? जाडी किती? भर पावसाळ्यात लावले तर टिकतील का? सगळं मिळून ४०० रुपयांत बसवायचं आहे आणि नवे बूट घ्यायचे नाहीत. जाणकारांनी सांगावं.

कोथरूड_डेपो:
पुण्याच्या पावसात चामड्याचा तळ घालायचाच कशाला? दोन-अडीच हजारांत रबर सोलचे चांगले बूट येतात. माझे तेच आहेत, ओल्या ग्रॅनाइटवरही पकड सुटत नाही.

शनिवारवाला:
चिकट थराच्या पारदर्शक फिल्म घेऊ नका. माझ्या बुटांवर आधी कड उचलली, मग त्या फटीत माती बसून काळी रेघ झाली, मग पूर्ण पट्टी आली. कडेला धूळ शिरली की तो थर पुन्हा धरत नाही. सोल्युशनच लावा.

रापी_आणि_आरी:
तळ चामड्याचा आहे हे आधीच सांगितलंत ते बरं केलंत, निम्मं उत्तर तिथेच ठरतं. चामडं आणि रबर, दोघांनाही सिंथेटिक रबराचं कॉन्टॅक्ट सोल्युशन घट्ट धरतं. फेविबॉण्डची ट्यूब घ्या किंवा फेविकॉल एसआर ९९८ चा लहान डबा. सायकल पंक्चरचं सोल्युशन नको, ते पातळ असतं आणि तळाखालचा ताण सोसत नाही. सुताराचा पांढरा फेविकॉल ओलीत सुटतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू कडक होतो. चवड्याखाली बूट प्रत्येक पावलाला वाकतो, तिथे तो तडकतोच.

जाडी १.५ ते २ मिमी. १ मिमीचं रबर लवकर संपतं. ३ मिमी लावलं तर चवडा उचलला जातो, टाच तेवढीच राहते आणि बूट मागे झुकल्यासारखा वाटतो.

मागची कड कुठे संपवायची हे सगळ्यात महत्त्वाचं. बूट सपाट फरशीवर ठेवा, कमानीजवळ तळ जिथे जमिनीपासून उचलला जातो तिथे पेन्सिलीने खूण करा आणि रबर त्या खुणेच्या साधारण १ सेमी मागे संपवा. कड जमिनीला टेकली की प्रत्येक पावलाला घासून उचकटते. बूट वाकतो त्या रेषेवर तर ती येताच कामा नये. शिवाय ही मागची कड रापीने किंवा धारदार ब्लेडने आतून तासून पातळ करा.

घासण्यात कंजूषी नको. ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि तळाची चकाकी पूर्ण जाऊन चामड्याचे तंतू उभे राहीपर्यंत घासा. तळाला शिवण दिसत असेल तर दोरा कापू नका. रबराची चिकटवायची बाजूही घासायची. साच्यातून निघताना तिच्यावर बुळबुळीत थर राहिलेला असतो आणि बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. मग कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन रबर पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बऱ्याचदा तेल असतं.

चामडं पहिला हात पिऊन टाकतं. म्हणून तळावर एक पातळ हात देऊन २० मिनिटं सुकू द्या, मग तळावर दुसरा आणि रबरावर पहिला हात. १० ते १५ मिनिटांनी बोटाची मागची बाजू लावून बघा: चिकट लागायला हवं, पण सोल्युशन बोटावर यायला नको. त्याआधी जोडलं तर आतला द्रव अडकतो आणि सोल सरकतो. जोडताना आधी मागची कड खुणेवर बसवा, मग पुढच्या टोकाकडे जात मधून कडेकडे दाबा, हवा राहू देऊ नका. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. रबर बाहेरून २-३ मिमी जास्तच ठेवा, ते नंतर कापायचं आहे. मग बुटात लाकडी ठोकळा घालून हातोडीने सगळीकडे ठोका. या सोल्युशनला रात्रभर ठेवलेल्या वजनापेक्षा क्षणभराचा जोराचा दाब लागतो. २४ तास घालू नका. शेवटी ब्लेड तिरपं धरून कड कापा, वरच्या चामड्याला धार लागू देऊ नका, आणि बारीक पॉलिश पेपरने कड गोल करा.

नारायणपेठी:
वरचं सगळं मान्य, पण पावसाळ्यात करू नका. सोल्युशनमधला द्रव उडताना थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. पांढुरकी साय आल्यासारखं दिसतं. तसंच जोडलं की वरून चिकटल्यासारखं वाटतं आणि पंधरवड्यात सोल अख्खा निघतो. दसऱ्यानंतर लावा.

रापी_आणि_आरी:
@नारायणपेठी, कारण अगदी बरोबर, पण तीन महिने थांबायची गरज नाही. दोन्ही थर सुकल्यावर हेअर ड्रायरने गरम करा. साय जाते, थर पुन्हा चमकतो आणि चिकट होतो, लगेच जोडायचं. कारखान्यातही सोल्युशनचा सुकलेला थर गरम करून असाच पुन्हा चिकट करतात. मात्र बूट आधी दोन दिवस पंख्याखाली कोरडे झालेले हवेत. आत ओल असलेल्या चामड्यावर ड्रायरचा उपयोग नाही. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, चामडं कडक होऊन भेगा जातात.

नारायणपेठी:
ड्रायरने वरची ओल जाते, हवेतली नाही. मी दसऱ्यावरच ठाम आहे.

औंधकर_मीना:
सोल्युशन लावायचं ते बाल्कनीत. त्यात टोल्यूइनसारखे द्रव असतात, डोकं जड होतं. गॅस, समई, उदबत्ती, सगळं बंद असू दे, वाफ पेट घेते. आणि ड्रायर सोल्युशन कोरडं झाल्यावरच, ओल्यावर नाही. धोक्याचं वर कोणीच लिहिलेलं नाही म्हणून सांगते.

हडपसर_गाडीतळ:
टायरचा सोल लावा. झिजतच नाही. माझ्या चपलांना तोच आहे.

रापी_आणि_आरी:
चपलेला ठीक आहे. डर्बीला नको. टायर जाड, जड आणि वाकायला कडक. तळ वाकला आणि टायर वाकला नाही की जोड चवड्यापाशी उघडतो. शिवाय रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात, कापल्या की टोकं बाहेर येतात.

चिंचवडगाव:
माझ्या स्पोर्ट शूजवर याच पद्धतीने लावलेलं आठवड्यात सुटलं. पद्धत फसवी आहे.

रापी_आणि_आरी:
पद्धत चामड्यासाठी आहे. स्पोर्ट शूजचा तळ टीपीआर, पीव्हीसी, ईव्हीए किंवा पीयू अशा कृत्रिम रबर-प्लास्टिकचा असू शकतो. एका कोपऱ्यात पॉलिश पेपर घासून बघा: खरं रबर भुकटी देतं, टीपीआर आणि पीव्हीसी मऊ होऊन गोळ्या-गोळ्या सुटतात. पीव्हीसीमधलं मऊ ठेवणारं तेल हळूहळू वर येतं आणि साधं कॉन्टॅक्ट सोल्युशन सोडवतं, तिथे पीयू ॲडहेसिव्ह लागतं. टीपीआर आणि ईव्हीएला आधी प्रायमर, म्हणजे सोल्युशनला पकड देणारा पहिला थर हवा. आणि पीयूचा तळ जुना होऊन भुसभुशीत झाला असेल तर काहीही लावू नका. दमट हवेत तो आतूनच विरतो. सोल्युशन धरतं, पण ज्याला धरतं तेच तुटून येतं.

शुक्रवार_पेठ:
धाग्याचा फायदा घेऊन विचारतो, कोल्हापुरीला हे चालेल का?

औंधकर_मीना:
कोल्हापुरीला तेल लावत असाल तर नाही. तेल प्यालेल्या चामड्यावर कोणतंच सोल्युशन धरत नाही. नवी, तेल न लावलेली असेल तर चालेल, पण तळाला शिवणीच्या वाद्या वर आलेल्या असतात. त्या घासल्या गेल्या तर चप्पलच उसवेल. फक्त मधली जागा घासा.

कोथरूड_डेपो:
एवढ्या खटपटीपेक्षा नवे बूट खरंच स्वस्त पडतील.

पर्वती_पायथा:
बजेट बाजूला ठेवून व्हिब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचं हाफ सोल रबर मागवा. त्याची पकड आणि झीज दोन्ही साध्या रबरापेक्षा चांगली. सोल्युशन, पॉलिश पेपर वगैरे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. आणि जाडी १.५ ते २ मिमीच घ्या.

भवानी_माता_चौक:
घरी कशाला? बूट दुरुस्तीच्या गटई स्टॉलवर द्या, त्यांच्याकडे लोखंडी पाया आणि हातोडी असते, दाब नीट बसतो. फक्त आधीच सांगा की खिळे मारू नका. चामड्याच्या तळात खिळा गेला की त्या भोकातून पाणी आत येतं, खिळा गंजतो आणि आजूबाजूचं चामडंही कुजतं. आणि समोर उभं राहून तळ घासून घ्या. घाईत घासणंच राहून जातं.

मुठाकाठ:
सगळ्यांचे आभार. घरात तान्हं बाळ आहे आणि बाल्कनी नाही, त्यामुळे सोल्युशन घरात आणणार नाही. बूट दिवसभर स्टॉलवर ठेवणंही जमणार नाही. चिकट थराच्याच पट्ट्या मागवल्या आहेत, फक्त पुढच्या भागासाठी. दसऱ्यापर्यंत थांबणार नाही, रोज जिना उतरायचा आहे.

शनिवारवाला:
सांगून पाहिलं. कड उचलणार.

रापी_आणि_आरी:
मग पद्धत बदला, वरची जशीच्या तशी वापरू नका. चिकट थराला उभे तंतू नकोत, सपाट जागा हवी. ६० नंबरने घासलंत तर तो फक्त तंतूंच्या टोकांना चिकटेल. १५० किंवा १८० नंबरने हलकं घासा, धूळ पूर्ण काढा. पट्टी तळाच्या कडेपर्यंत नेऊ नका, सगळीकडून २-३ मिमी आत ठेवा आणि सगळे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा आधी सुटतो. मागची कड कमानीजवळच्या खुणेच्या मागेच. तळ आणि पट्टी ड्रायरने कोमट करा, गरम नाही, आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे जोर देऊन घासा. पहिला दिवस ओलीत नेऊ नका.

पर्वती_पायथा:
कडेने फेविबॉण्डची बारीक रेघ दिलीत तर जास्त टिकेल. जिन्याच्या बाहेर बसून होईल.

मुठाकाठ:
रेघ नको. कोपरे गोल करेन, १८० नंबरचा पेपर घरात आहे. टाचेचं रबर अजून चांगलं आहे, त्याला हात लावणार नाही.