मदत हवी आहे: सातारा ते दाजीपूर ग्रॅव्हल सायकलने, चांदोलीला वळसा कसा घालायचा?

मातीवाट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटी सुट्टी जुळून येते आहे. मी, माझा धाकटा भाऊ आणि एक मैत्रीण असे तिघं ग्रॅव्हल सायकली (कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या, जाड टायरच्या) घेऊन साताऱ्याहून निघायचं आणि सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने दक्षिणेला दाजीपूरपर्यंत जायचं म्हणतोय. शेवटी फोंडा घाट उतरून कणकवली. पाच-सहा दिवस हाताशी आहेत. सामान सायकलवरच बांधायचं, मागे गाडी नाही. लांब पल्ल्याची तिघांनाही सवय आहे, पण ती डांबरावरची. कच्च्या रस्त्यावर सलग इतके दिवस कुणीच काढलेले नाहीत.

हाच पट्टा का, तर कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य इथे एका माळेत येतात. कास पठारासकट हे सगळं २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. एवढं मोठं रान आपल्या अंगणात आहे आणि आपण ते महामार्गावरून गाडीच्या काचेतून बघत गोव्याला जातो, हे मला फार दिवस सलतंय. त्याच्या कडेकडेने, गावागावांतून, हळू जायचं आहे.

सातारा, ठोसेघर, चाळकेवाडी, मग पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्याने सडावाघापूर आणि खाली पाटण. इथवर शंका नाही. घोडं अडतंय पुढे. पाटणहून वारणावतीला जायला नकाशाचं ॲप जी रेघ काढून देतं, ती सरळ चांदोलीच्या पोटातून जाते. उपग्रहाच्या चित्रातही तिथे जुना रस्ता स्पष्ट दिसतो. त्यावर सायकलला परवानगी मिळते का? मिळत असेल तर अर्ज कुणाकडे करायचा? मिळत नसेल तर बाहेरून कोणती वाट धरावी, जी निव्वळ हमरस्ता नसेल?

दुसरा गुंता आंबा ते गगनबावडा. तिथे नकाशात इतक्या बारीक रेघा आहेत की कोणती गाडीवाट आणि कोणती गुराखी वाट, ते कळत नाही.

आणखी दोन गोष्टी. आमच्या चाकांवर ४० मिमीचे ट्यूबलेस टायर आहेत. जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाच्या पठारावर) ते पुरतील की ४५ घ्यावेत? आणि मुक्काम गावात मागावा की तंबू न्यावा? आम्ही दोघी बायका असल्यामुळे घरच्यांना याचीच काळजी जास्त आहे.

तुम्ही या भागात राहत असाल किंवा कामानिमित्त फिरत असाल, तर सायकल चालवत नसलात तरी लिहा.

केराकाठ

ताई, मी पाटणचाच. सायकल शाळेत असताना चालवली तेवढीच, पण नोकरीमुळे हा सगळा मुलूख पायाखालचा आहे. आधी चांदोलीचं बोलतो, कारण बाकी कुठे चुकलात तर तासभर जाईल, इथे चुकून चालणार नाही.

ॲप दाखवतं तो रस्ता खरा आहे, म्हणजे होता. आत गावं होती, शेती होती, बैलगाडीचे रस्ते होते. वारणेवरचं धरण, १९८५ चं अभयारण्य आणि २००४ चं राष्ट्रीय उद्यान यांच्या ओघात ती गावं उठली. लोक सांगली-कोल्हापूरकडच्या वसाहतींत गेले. रस्ते मात्र नकाशात तसेच राहिले आणि ॲपला ते वापरातले वाटतात. २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे आणि तुमची रेघ त्याच्या गाभ्यातून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. सायकलने आरपार जायची परवानगी पर्यटकाला मिळत नाही, तेव्हा अर्जाच्या मागे लागू नका. आणि एखाद्याने तिथून गेल्याचा माग इंटरनेटवर टाकलेला दिसला तरी त्यावर विसंबू नका. गुन्हा नोंद होतो, तो भाग वेगळाच. पण त्या लोकांनी घरदार सोडलं ते रान मोकळं राहावं म्हणून. आपण तिथे हौसेखातर घुसणं मला तरी पटत नाही.

आता वळसा. पाटणहून नवारस्त्याला या आणि दिवशी घाटाने ढेबेवाडीत उतरा. घाट छोटा आहे, पण चढ अंगावर येतो, सकाळीच उरका. ढेबेवाडीहून दोन पर्याय. वरचा म्हणजे सणबूरच्या बाजूने वाल्मीक पठाराकडे चढून गुढे-पाचगणीच्या पवनचक्क्यांवर निघायचं. सुंदर आहे, पण पठाराची एक बाजू थेट जंगलाला भिडते. कुठवर गावरस्ता आणि कुठून वनहद्द, हे त्या दिवशी सणबूरमध्ये वनरक्षकाला विचारूनच पुढे व्हा. तो नको म्हणाला तर खालचा धरा: वांग खोऱ्याने कराडच्या अंगाला उतरून उंडाळे, शेडगेवाडी, चरण, आरळा, वारणावती. लांब पडतो, डांबरी आहे, पण वाटेत गावं, चहा, पंक्चरवाला सगळं मिळतं.

उद्यान आतून बघायचंच असेल तर एक सकाळ राखून ठेवा. वारणावतीला सायकली लावा आणि वनखात्याच्या गाडीतून, वाटाड्या घेऊन, रीतसर पास काढून आत जा. झोळंबीचा सडा बघितलात की सायकल आणता आली नाही याचं काही वाटणार नाही.

हायलँडकर

मी स्कॉटलंडमध्ये असतो आणि इथे केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात भरपूर ग्रॅव्हल चालवतो. केराकाठ यांच्या म्हणण्याला जोड देतो. इथल्या उद्यानात माणसं राहतात, शेती करतात, मेंढ्या पाळतात आणि २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला जवळजवळ सगळीकडे जायचा हक्क दिलाय. ‘नॅशनल पार्कमधून ग्रॅव्हल टूर’ असे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक असल्या देशांतले असतात. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हणजे कायद्याने सर्वांत कडक राखलेला तुकडा. नाव एक, व्यवस्था पूर्ण निराळी. आखणी करताना हिरवा रंग दिसला की बाहेरून जायचं, हाच नियम धरा.

डोंगरयात्री

टायरबद्दल. चाळकेवाडी ते सडावाघापूर हा पट्टा मी चालवलाय आणि त्याच्याइतका चांगला ग्रॅव्हल रस्ता महाराष्ट्रात मी तरी पाहिलेला नाही. पवनचक्कीची पाती आणि मनोऱ्याचे तुकडे लांबलचक ट्रेलरवरून चढवायचे असतात, म्हणून हे रस्ते रुंद, वळणं मोठी आणि चढ सौम्य. वर घट्ट दाबलेला लाल मुरूम. तिथे ४० मस्त चालतो.

पण रस्ता सोडून सड्यावर आलात की गोष्ट वेगळी. उघडा जांभा छिद्राछिद्रांचा असतो आणि त्या छिद्रांच्या कडा धारदार. वरून तो सपाट वाटतो, म्हणून वेग वाढतो, आणि नेमकी टायरची बाजू कापली जाते. मध्यावरचं भोक सीलंट (ट्यूबलेस टायरमध्ये भरलेला चिकट द्रव) बुजवतं, बाजूचा काप बुजवत नाही. फ्रेममध्ये जागा असेल तर मागे तरी ४५ घाला, बाजूची भिंत जाड असलेलं. सोबत प्लग (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्या), आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा आणि प्रत्येकी दोन ट्यूब. ट्यूबलेस असलं तरी ट्यूब हवीच. सीलंट निघायच्या आदल्या आठवड्यात नवीन भरा, आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकतं. हवा सामानासकट पुढे ३०-३२, मागे ३५ पीएसआयच्या आसपास ठेवून बघा आणि वजनाप्रमाणे कमीजास्त करा. कडेला बाभूळ-बोरीचे काटे असतात, सायकल आडवी टाकताना जागा बघून टाका.

गिअरचं कुणी विचारत नाही, पण तेच गुडघे वाचवतं. पुढचं छोटं दातेरी चक्र ३० दात्यांचं आणि मागचं मोठं ३४ चं असेल तर चालेल. पुढे एकच चक्र असेल तर मागे ४२ च्या खाली जाऊ नका. ब्रेक पॅडचा एक जादा जोड घ्या. सडावाघापूरहून पाटणला उतरताना आणि पुढे फोंड्यात सामानासकट ब्रेकच्या डिस्क चांगल्याच तापतात. सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करत उतरा.

आणि पाणी. पावसाळ्यात जिथून वाऱ्याने उलटा धबधबा उडतो, त्याच सडावाघापूरच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत बाटली भरायला धड जागा सापडत नाही. ठोसेघरला माणशी तीन लिटर भरूनच वर चढा.

मलकापूर_नाका

मातीवाट, आंब्याला माझं माहेर आणि शाहूवाडी तालुक्यातल्या शाळांतून सगळी नोकरी झाली, म्हणून लिहिते.

वारणावतीहून मागे आरळ्याला येऊन पुलाने वारणा ओलांडायची. नदीच्या अलीकडे सांगली, पलीकडे कोल्हापूर. शित्तूर-वारुणवरून मलकापूर आणि मग आंबा. मलकापूर-आंबा हा रत्नागिरीचा महामार्ग आहे, वाहतूक पुष्कळ, तेवढा तुकडा सकाळी लवकर काढा.

आंब्याहून महामार्ग सोडून मानोलीच्या तलावावरून विशाळगडाच्या रस्त्याला लागायचं. हे माझं सर्वांत आवडतं. दोन्ही बाजूंनी झाडी इतकी दाट की दुपारीसुद्धा रस्त्यावर सावली. पुढे गजापूर, तिथे पावनखिंड. १६६० च्या जुलैमधल्या त्या रात्री पन्हाळ्यावरून मावळे याच मुलखातून पावसाचिखलात धावत आले. त्यामुळे खिंडीपाशी सायकली उभ्या करून थोडं थांबा, पायऱ्या उतरून खाली जा. तिथून बाजारभोगावच्या बाजूने गगनबावडा गाठायचा. नकाशातल्या बारीक रेघांच्या नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याच वाटा धनगरवाड्यावर जाऊन संपतात. ज्या रस्त्यावर एसटीचा थांबा आहे तो आपला.

धनगरवाड्यावरून जाणं झालंच तर कुत्र्यांची काळजी घ्या. ती राखणीची असतात आणि पळत्या चाकामागे लागतात. उतरा, सायकल मधे धरा, चालत जा आणि माणसाला हाक मारा. हाक ऐकली की तोच कुत्री आवरेल आणि ताकाचा तांब्या पुढे करेल.

गव्याचं मात्र मनावर घ्या. आमच्याकडे ते आता उसात, भातात, रस्त्यावर कुठेही दिसतात. कळप सहसा स्वतःच बाजूला होतो. एकटा नर असेल तर लांब थांबा. तो अंग आडवं करून उभा राहतो, आपला आकार दाखवतो, नाकाने फुसकारतो. तो इशारा समजा. फोटोसाठी पुढे सरकू नका, घंटी वाजवू नका. पाठ न फिरवता मागे या आणि तो जाईपर्यंत उभे राहा. दिवस मावळायच्या आत गावात असलंच पाहिजे, अस्वल आणि बिबट्याचाही तोच वेळ.

मुक्कामाचं म्हणशील तर तंबू नकोच. जंगलाजवळ उघड्यावर राहणं बरं नाही आणि गावकऱ्यांनाही घोर लागतो. आंब्याला आणि दाजीपूरला राहायची सोय विकत मिळते. मधल्या गावांत सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांना दुपारीच फोन करून ठेवायचा. मुली आहेत म्हटलं की शाळेपेक्षा कुणाच्या तरी घरातच जागा निघते. जेवणाचे पैसे घरधनिणीच्या हातात द्या, पुरुषांच्या नको.

केराकाठ

मॅडमनी मनातलं लिहिलं. एक राहिलं, उसाचा हंगाम. डिसेंबरात शेडगेवाडी-कोकरूडपासून मलकापूरपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. पुढच्याला मागचं दिसत नाही आणि वळणावर मागची ट्रॉली आत कापते. डावीकडून पुढे काढायचा प्रयत्न कधीही करू नका. रात्री त्यांना मागे दिवा नसतो, म्हणूनही अंधार टाळा. तुमच्या सायकलींना दिवसाही मागचा लाल दिवा चालू असू द्या.

मातीवाट

केराकाठ काका, मलकापूरच्या ताई, डोंगरयात्री, हायलँडकर, सगळ्यांचे मनापासून आभार. चांदोलीतून जाणारी रेघ काल रात्रीच पुसून टाकली. उठलेल्या गावांचं वाचल्यावर भावाने तर परवानगीचा विषयच बंद केला. तोपर्यंत आम्ही त्या पांढऱ्या रेघेकडे नुसता रस्ता म्हणून बघत होतो.

आता आखणी अशी: सातारा ते पाटण. दिवशी घाटाने ढेबेवाडी. सणबूरला विचारून वरचा, नाहीतर खालचा रस्ता, आणि वारणावती. तिथे एक सकाळ जंगलाची गाडी, त्याच दुपारी आरळा-शित्तूरपर्यंतच. मग मलकापूर, आंबा, गजापूर, गगनबावडा. गगनबावड्याहून अभयारण्यात न शिरता धामणी खोऱ्यातून म्हासुर्ली, धामोड करत राधानगरी, आणि शेवटी दाजीपूरवरून फोंडा. मागचे टायर ४५ चे मागवले, पुढे ४० च ठेवतोय. तंबू रद्द केला, त्या वजनात ट्यूब आणि पाणी मावेल.

एकच प्रश्न उरला. कणकवलीहून सायकली परत कशा आणायच्या? रेल्वेने पार्सल होतात का?

फोंड्याखाली

कणकवलीला गाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात तीन सायकली पार्सलच्या डब्यात चढतील याची खात्री नसते. दोन्ही चाकं, पेडल आणि हँडल काढून पिशवीत बांधा आणि सामान म्हणून सोबत न्या, पण त्यासाठी तिघांची तिकिटं एकाच डब्यात हवीत. नाहीतर पुण्याला जाणाऱ्या खासगी बसच्या डिकीत. बस ठरवताना फोनवरच सायकलींचं सांगा, भाडं आधी बोलून घ्या, आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशी सायकल आडवी ठेवा. डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर वाकला तर तो इकडे मिळत नाही, म्हणून तुमच्या तिन्ही फ्रेमचा एकेक निघतानाच पिशवीत टाका.

दाजीपूरहून उतरायच्या दिवशी सकाळी आठाच्या आत निघू नका. घाटमाथ्यावर धुकं असतं आणि मालाचे ट्रक दिवे लावून चढत असतात. ऊन आल्यावर उतरा, दुपारी जेवायला फोंड्यात असाल.