क्रिप्टो नवख्यांसाठी सोपं करायचं म्हणजे नेमकं काय सोपं करायचं?

रेवती (धागाकर्ती)

हल्ली जिथे बघावं तिथे "क्रिप्टो घेणं आता दोन मिनिटांचं काम" असं सांगतात आणि ते खरंही आहे, ॲप उतरवलं, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवला, कार्ड जोडलं, बटण दाबलं, झालं. माझी तक्रार अशी की घेणं सोपं करण्यात सगळ्यांनी जीव ओतला आणि घेतलेलं सांभाळणं अजून बऱ्यापैकी तसंच अवघड आहे.

स्वतःचं वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं ॲप) उघडलं की पहिल्याच दिवशी ते १२ किंवा २४ शब्द देतं, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून काढलेले, आणि म्हणतं कागदावर लिहून ठेवा. हे शब्द ज्याच्या हातात त्याचे पैसे, हरवले तर कुणीही परत देऊ शकत नाही. आयुष्यभर "पासवर्ड विसरलात का?" यावर बोट ठेवत आलेल्या माणसाला याचं गांभीर्य एका स्क्रीनवरून कसं कळणार? पुढे तो लांबलचक ॲड्रेस (वॉलेटचा खाते क्रमांकच म्हणा), एकदा पाठवलं की परत फिरवायची सोय नाही. त्यात एकच स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं नाणं) चार-पाच वेगवेगळ्या नेटवर्कवर (व्यवहार नोंदवणाऱ्या वेगळ्या यंत्रणांवर) असतं आणि समोरचा ज्या नेटवर्कवर घेतच नाही तिथे पाठवलं की मग धावाधाव. आणि सगळ्यात न दिसणारा धोका परवानगीचा, एखाद्या साइटला आपली नाणी हलवायला एकदा "अप्रूव्ह" दिलं की बरेचदा ती परवानगी अमर्याद रकमेची असते आणि आपण स्वतः जाऊन रद्द करेपर्यंत चालूच राहते, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत: घेणं थोडं संथ करा, आणि चूक दुरुस्त करणं, हरवलेलं परत मिळवणं हे सोपं करा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून नियम आलेत की पहिल्यांदा घेणाऱ्याला २४ तास थांबायला लावायचं, जोखीम समजली का ते विचारायचं, आणि मित्राला आणा नि बोनस घ्या हा प्रकार बंद. मला हे फार आवडलं. तुम्हाला काय वाटतं?

किल्लीदार

असहमत. दुखणं भलतीकडेच शोधताय.

नवख्यांचे मोठे पैसे कुठे बुडाले ते बघा. माउंट गॉक्स हे एक्सचेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचा बाजार), २०१४, साधारण साडेआठ लाख बिटकॉइन गायब, त्यातले दोनेक लाख नंतर सापडले. क्रिप्टो ठेवींवर व्याज देणाऱ्या सेल्सियसने जून २०२२ मध्ये एका रात्रीत पैसे काढणंच थांबवलं. एफटीएक्स, आणखी एक एक्सचेंज, नोव्हेंबर २०२२, दिवाळखोरी, आणि त्याच्या प्रमुखाला पुढे २५ वर्षांची शिक्षा. हे सगळे वापरायला सोपेच होते हो! स्क्रीनवर आकडा दिसायचा, लोक त्याला आपले पैसे समजायचे. वॉलेटच्या चाव्या, म्हणजे ते शब्द, दुसऱ्याकडे असतील तर तुमच्याकडे फक्त एक आश्वासन असतं.

ते १२ शब्द शिकवणं म्हणजे एका दुपारचं काम आहे. थोडीशी रक्कम टाका, वॉलेट मुद्दाम पुसा, कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. एकदा हे स्वतःच्या हाताने केलं की भीती जाते आणि ते शब्द किती महत्त्वाचे हेही कायमचं डोक्यात बसतं. हार्डवेअर वॉलेट (चाव्या जपणारं छोटं उपकरण) २०१४ पासून मिळतायत, साधन नाही असं म्हणायची सोय नाही. नवख्याला शिकवा, त्याला लहान मूल समजू नका.

उत्तरा

@किल्लीदार, दुपारभर शिकवणारं माणूस प्रत्येकाच्या शेजारी बसलेलं नसतं ना. माझ्याकडे ओळखीतले लोक फोन-कॉम्प्युटरच्या अडचणी घेऊन येतात, त्यातल्या एकाचं सांगते. ऑफिसमधले एक ज्येष्ठ सहकारी, अतिशय काटेकोर माणूस, शब्द कागदावर, कागद कपाटात, सगळं तुम्ही सांगता तसं. एकदा त्यांचं ट्रान्सफर अडकलं म्हणून त्यांनी सोशल मीडियावर मदत मागितली, लगेच एक "सपोर्ट"वाला हजर, बोलायला इतका नम्र की शंकाच येऊ नये, त्याने एक फॉर्म पाठवला, "वॉलेट पडताळणीसाठी" १२ शब्द भरा म्हणून, ह्यांनी भरले. काही मिनिटांत वॉलेट रिकामं. चाव्या त्यांच्याकडेच होत्या आणि म्हणूनच त्या द्यायला त्यांना कुणी अडवलं नाही.

अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये क्रिप्टोशी संबंधित फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या त्यांतलं नुकसान ५६० कोटी डॉलरच्या वर होतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा खोट्या गुंतवणुकीचा, म्हणजे कुणीतरी गोड बोलून विश्वास मिळवला आणि माणसाने स्वतःच्या हाताने पाठवले. यात हार्डवेअर वॉलेट काय करणार?

माझा सल्ला सरळ आहे. नवीन असाल तर छोटी रक्कम, नोंदणी असलेलं एक्सचेंज, लॉगिनचा दुसरा कोड एसएमएसवर न घेता फोनवरच कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर (सिम दुसऱ्याच्या नावावर वळवून एसएमएस पळवतात), आणि पैसे फक्त आधी नोंदवलेल्या ॲड्रेसवरच जातील अशी सेटिंग चालू. बऱ्याच ठिकाणी ही सेटिंग असते आणि बंद असते. ती पहिल्या दिवसापासून चालूच का नसावी, हा मला खरा प्रश्न वाटतो.

साशंक

सगळे "कसं आणायचं" यावर बोलताय, "का आणायचं" यावर एकही ओळ नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभराने १६ हजाराच्या खाली. कितीही सुरक्षित वॉलेटमध्ये ठेवा, ही घसरण वॉलेट अडवत नाही. मे २०२२ मध्ये टेरा हा क्रिप्टो प्रकल्प कोसळला, त्याआधी लोकांना "स्थिर" म्हणवणाऱ्या नाण्यावर वर्षाला जवळजवळ २० टक्के व्याज दाखवत होते, ॲप सुंदर, बटण एकच, नवखा माणूस तिथे सोपेपणामुळेच पोचला.

आणि एल साल्वाडोर घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, सरकारने स्वतःचं वॉलेट काढलं, उतरवणाऱ्याला ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट. याहून सोपं काय करणार? बहुतेकांनी ते ३० डॉलर वापरले आणि ॲपकडे परत फिरकले नाहीत. २०२५ मध्ये कायदाही बदलून सक्ती काढली. गरज नव्हती म्हणून लोक टिकले नाहीत. सोपं करण्याआधी गरज दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

यंत्रमित्र

मी याच क्षेत्रात कोड लिहितो त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो, लांबेल थोडं.

ते १२ शब्द म्हणजे निसर्गनियम नाही. ती २०१३ च्या सुमाराची एक चांगली सोय होती आणि आपण तिथेच अडकून बसलो. इथेरियम या मोठ्या क्रिप्टो नेटवर्कवर मार्च २०२३ पासून अशी व्यवस्था आहे की खातं हाच एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्यात नियम लिहिता येतात. मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर जुन्या साध्या खात्यालाही ॲड्रेस न बदलता यातलं बरंच वापरता येतं. म्हणजे काय, तर दिवसाला अमुकच रक्कम बाहेर जाईल, त्याच्या वर गेलं की दोन दिवस थांबेल आणि त्या दोन दिवसांत रद्द करता येईल. फोन हरवला तर आधी नेमलेल्या पाच जणांपैकी तिघांनी होकार दिला की नवीन फोनवर खातं परत. ते पाच म्हणजे घरची माणसं असतील, स्वतःचंच दुसरं उपकरण असेल, एखादी संस्था असेल. रोजच्या सहीला बोटाचा ठसा किंवा चेहरा पुरतो, शब्द लिहून ठेवायची वेळच येत नाही.

उत्तराताईंनी सांगितलेल्या सहकाऱ्यांकडे असं खातं असतं तर त्या भामट्याने मागायला शब्दच नसते. सोपेपणा आणि सुरक्षितता इथे एकाच दिशेने जातात.

किल्लीदार

@यंत्रमित्र, कोड जितका जास्त तितकी भोकं जास्त, हे तुम्हाला मी सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरचं इथर (इथेरियमचं नाणं) चोरीला गेलं. तिथे एकट्याची सही चालत नव्हती, अनेकांच्या सह्या लागायच्या, आणि ते सगळे या धंद्यात मुरलेले लोक. स्क्रीनवर त्यांना नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही झाली भलत्याच गोष्टीवर. तुमचा "प्रोग्रॅमवाला" उपाय व्यावसायिकांना पुरला नाही तो नवख्याला पुरेल?

आणि पाचातले तीन! पाच वर्षांनी त्यातला एक बोलत नसेल, एकाचा फोन बदललेला असेल, एकाला आपण काय कबूल केलं होतं तेच आठवत नसेल. कागद भांडत नाही.

यंत्रमित्र

बायबिटचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. हल्लेखोरांनी ज्या वेबसाइटवरून व्यवहार तयार व्हायचा ती बदलली, आणि सही करणाऱ्या उपकरणावर माणसाला वाचता येईल असं काही दिसत नव्हतं. चूक अनेक सह्यांची नव्हती, न वाचता येणाऱ्या सहीची होती. म्हणून सहीच्या आधी व्यवहाराची चाचणी करून बघणारी वॉलेट हवीत, "हे दाबलंत तर तुमच्या खात्यातून इतकं जाईल, या ॲड्रेसला, आणि या साइटला कायमची परवानगी मिळेल" असं साध्या भाषेत सांगणारी. काही वॉलेट हे करतात. सगळ्यांनी करायला हवं.

नेमलेली माणसं पांगतात हा मुद्दा मात्र बरोबर आहे. वॉलेटने वर्षातून एकदा "हे पाच जण अजून आहेत का" असं विचारलं पाहिजे, आणि तेवढं सुद्धा फार ठिकाणी नाही.

नवशिकी

मी सगळं वाचलं आणि खरं सांगते, अर्धं डोक्यावरून गेलं. मला गुंतवणूक वगैरे करायची नाही. मी भाषांतराची कामं करते, एक परदेशी क्लायंट स्टेबलकॉइनमध्येच पैसे देतो म्हणतोय, बाकी सगळे मार्ग त्याच्याकडून बंद आहेत. मी काय करू ते सांगा ना, वाद नंतर घाला.

रेवती

@साशंक, तुम्ही गरज विचारत होतात, ही घ्या.

@नवशिकी, आधी क्लायंटला विचार कोणतं नाणं आणि कोणतं नेटवर्क, आणि तू जिथे घेणार आहेस तिथे तेच नेटवर्क चालतं का ते बघ, दोन्ही नावं अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. पहिलं पेमेंट अगदी किरकोळ रकमेचं मागव, ते तुझ्या खात्यात दिसलं, काढताही आलं, की मगच बाकीचं. काढून बघणं विसरू नकोस, येताना सहसा अडत नाही, अडतं ते काढताना.

उत्तरा

भर घालते. पुढे कधी कुणाला पाठवायची वेळ आली तर जुन्या व्यवहारांच्या यादीतून ॲड्रेस कॉपी करू नकोस. भामटे मुद्दाम असा ॲड्रेस तयार करतात ज्याची पहिली आणि शेवटची काही अक्षरं तुझ्या नेहमीच्या ॲड्रेससारखी असतात, त्यावरून शून्य किंवा नगण्य रक्कम पाठवतात म्हणजे तो तुझ्या यादीत येऊन बसतो. मे २०२४ मध्ये एकाने अशा ॲड्रेसवर सुमारे ६.८ कोटी डॉलरची नाणी पाठवली. नंतर ती बरीचशी परत मिळाली, पण ते नशीब. नेहमीचे ॲड्रेस नाव देऊन जपून ठेव आणि मधली अक्षरंही बघ. आणि मदत मागितल्यावर स्वतःहून मेसेज करणारा कुणीही असो, उत्तर देऊ नकोस.

साशंक

@रेवती, ही गरज मला मान्य आहे. कामाचे पैसे मिळायचा दुसरा मार्गच नसेल तर मी नको म्हणणार नाही.

@नवशिकी, स्टेबल नावावर जाऊ नका एवढं नक्की सांगेन. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी हे मोठं, भरवशाचं मानलं जाणारं नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं, कारण त्याच्या गंगाजळीतले ३३० कोटी डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. काही दिवसांत सावरलं, पण त्या शनिवारी घाबरून विकणाऱ्यांचे पैसे गेलेच. शिवाय ही नाणी काढणारी कंपनी एखादा ॲड्रेस गोठवू शकते. म्हणून आले की लगेच आपल्या चलनात बदलून बँकेत घ्या, तिथे साठवत बसू नका, आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवा कारण कर भरताना लागेल.

नवशिकी

खूप आभार सगळ्यांचे. साशंकदादा, तुम्ही विरोधात असूनही सगळ्यात कामाचं सांगितलंत.

किल्लीदार

तिच्यासाठी एक्सचेंज ठीक आहे, पैसे एक-दोन दिवसच राहणार आहेत. माझा विरोध साठवण्याला आहे. पण रेवती, तुमच्या त्या २४ तासांवर मी अजून अडलोय. आज नियम म्हणतो घेताना थांबा, उद्या म्हणेल काढतानाही थांबा, आणि हे ठरवणारा मी नसेन. सेल्सियसने "थोडा वेळ थांबा" असंच सांगितलं होतं.

रेवती

फरक आहे तो थांबा कुणाच्या हातात आहे याचा. यंत्रमित्र म्हणाले तसं खातं असेल तर तो दोन दिवसांचा थांबा मी लावलेला असतो आणि मीच काढू शकते, फक्त काढायलाही दोन दिवस लागतात, म्हणजे फोनवर कुणी घाई करत असेल तर त्याच्या घाईने तो निघत नाही. सेल्सियसमध्ये कुलूप त्यांचं होतं.

आणि माझी मागणी एवढीच आहे की नव्या खात्यावर ही सेटिंग सुरुवातीपासून चालू द्या. ज्याला समजतं तो बंद करेल, तुम्ही पहिल्याच दिवशी कराल. ज्याला समजत नाही त्याला ती कुठे आहे हे शोधावं लागू नये.

किल्लीदार

बंद करायचं बटण खरोखर बंद करणारं असेल, आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीकडे त्याची दुसरी चावी नसेल, तर या एका मुद्द्यावर माझी हरकत नाही. यंत्रमित्र, तसं असल्याची खात्री बाहेरच्या माणसाला कशी करता येईल ते सांगा, त्यावर बोलू.

यंत्रमित्र

खात्याचा कोड चेनवर (नेटवर्कच्या सार्वजनिक नोंदवहीत) उघडा असतो, तो कोण बदलू शकतं हे त्यातच लिहिलेलं असतं. नवख्याला ते वाचता येणार नाही, मला येतं. एखाद्या वॉलेटचा कोड घेऊन ती ओळ नेमकी कुठे शोधायची ते वेगळ्या धाग्यात टाकतो.