उत्तरं पाठ असतात, पण तो क्षण?

वर कुणीतरी म्हटलंय की मिस युनिव्हर्स म्हणजे नुसता दिखावा, मुली उत्तरं पाठ करून येतात. तयारी करून येतात हे खरंच आहे हो, पण तयारी कुठल्या परीक्षेत नसते?

मला तर २०१५ चा लास वेगासचा तो कार्यक्रम आठवला की अजून कसंतरी होतं. सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वेने निकालाचं कार्ड चुकीचं वाचलं, कोलंबियाच्या अरियाद्ना गुतिएरेझच्या डोक्यावर मुकुट चढला, ती हात हलवून सगळ्यांचे आभार मानतेय आणि थोड्याच वेळात हा माणूस परत स्टेजवर येऊन म्हणतो की चूक झाली, विजेती फिलिपाईन्सची आहे. आणि तो मुकुट तिच्या डोक्यावरून काढला कोणी, तर आदल्या वर्षीच्या विजेतीने, जी स्वतः कोलंबियाचीच! निळ्या गाऊनमधली फिलिपाईन्सची पिया वुर्ट्झबाख तर आधी जागची हललीच नाही, काय चाललंय तेच तिला कळेना. अशा वेळी दोघी ज्या पद्धतीने उभ्या राहिल्या ते कोण पाठ करून येणार सांगा. शिवाय पिया आपल्या देशातली स्पर्धा तिसऱ्या प्रयत्नात जिंकून तिथवर पोचली होती, ती चिकाटी मला मुकुटापेक्षा मोठी वाटते.

आणि आपली रीटा फारिया विसरू नका. १९६६ ला मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिलीच, आणि नंतर ग्लॅमर सोडून सरळ डॉक्टर झाली.