हॉलला लाईटी वर लावाव्या की भिंतीवर? उद्या सामान आणायचंय

जुनंघर_अंबाजोगाई: वायरमन म्हणायलाय वर सहा पॅनल टाका, विषय संपला. घरातून भिंतीवर ब्रॅकेट पाहिजेत म्हणायलेत. किती वॅटच्या घेऊ? पांढऱ्या का पिवळ्या? लवकर सांगा.

मांजराकाठ: खोली केवढी? उंची? स्लॅब का पत्रे? हे कळल्याशिवाय वॅट कसे सांगायचे?

परभणीचा_वायरमन: पॅनलच टाका. फक्त पंख्याच्या घेऱ्यात एकही नको. 48 इंची पंखा असला तर हुकापासून चारी बाजूंनी दोन-अडीच फूट सोडा. पात्याच्या वर लाईट आली की खोलीभर सावली फिरती, डोकं उठतं.

गोदाकाठ: पॅनल कामून? पीओपी करून आत स्ट्रिप सोडा. आमच्या नांदेडच्या फ्लॅटात लई छान दिसती.

परभणीचा_वायरमन: दिसती, पण खाचेतली धूळ कोण काढतं? वर्षात उजेड कमी होतो.

गोदाकाठ: आमच्याकडं पुसतात भाऊ.

सोलर_जालना: आधी सोलर बसवा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे.

जुनंघर_अंबाजोगाई: सोलर कुठं बसवू, माळवद आहे, लाकडी तुळयांवर मातीचं छत. हॉल 12 बाय 16 फूट. तुळया झाकायच्या नाहीत. अण्णा तिथंच वाचत बसतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, समोरून उजेड आला की त्रास होतो.

मांजराकाठ: मग सगळंच बदललं. पॅनल खोचायला जागा नाही. पीओपी तर करूच नका, वरून पाणी झिरपलं तर कळणार नाही, तुळई आतल्या आत कुजंल. वायर तुळईच्या बगलेनं केसिंग पट्टीतून न्या. उजेड नुसता वर फेकणारे ब्रॅकेटही नकोत, काळं लाकूड तो गिळून टाकतं. चुना दिलेल्या भिंतीवर वर-खाली उजेड पाडणारे चार घ्या, 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर. अण्णांसाठी खुर्चीच्या मागून, खांद्यावरून येणारी 9 वॅटची वेगळी लाईट, 4000 ची, म्हणजे जरा पांढरी. सगळं मिळून 40 वॅटच्या आसपास पुरतं.

परभणीचा_वायरमन: माळवद म्हणल्यावर माझंही तेच मत. मातीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येती, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्याच. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) वेगळा बदलता येईल अशाच लाईटी बघा.

जुनंघर_अंबाजोगाई: ब्रॅकेट किती उंचीवर?

मांजराकाठ: साधारण साडेपाच-सहा फूट. पण भोक पाडायच्या आधी अण्णांना खुर्चीत बसवा, एकानं पेटता बल्ब भिंतीला धरा. डोळ्यात जात नाही म्हणाले की तिथं खूण करा.