बाळ चौदा महिन्यांचं, परत दिवस गेलेत. गोळ्या घ्याव्यात की क्युरेटिन करावं?

कोरेगावची_सून:
ताईंनो, नाव सांगत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात असते, वय 29. मुलगी पाच वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा, अजून अंगावर पितो. त्याच्या वेळी सिझर झालं. नंतर पाळी दोनदाच आली, तीही पुढंमागं. परवा सकाळी पट्टीवर दोन रेघा आल्या. माझ्या हिशेबानं पाच आठवडे झाले असतील.

नवरा माझ्या बाजूनं आहे. "तुला झेपत नसंल तर नको," म्हणाला. पण तो कारखान्याला ऊस वाहतो, सध्या हंगाम चालू, चार-चार दिवस घरी नसतो. आणि इथल्या एका दवाखान्यात सांगितलं की क्युरेटिनच, म्हणजे पिशवी साफच करावी लागेल, नवऱ्याची सही आणा, तरच हात लावू. मला टाक्यांची भीती बसलीय. पोटात परत काही घालायचं म्हटलं की हातपाय गार पडतात.

एका मेडिकलमध्ये गोळ्या विचारल्या, ते म्हणाले आम्ही ठेवतच नाही. दुसऱ्यानं हळूच सांगितलं, दीड हजार, बिल मिळणार नाही. पैसे काढून ठेवलेत, पण मन धजत नाही.

खरी अडचण सांगते. घरात आम्ही आठ माणसं. संडास-बाथरूम अंगणाच्या पलीकडं, पाणी दिवसाआड. गोळी घेतल्यावर किती जातं, किती तास चालतं, आडवं पडून राहावं लागतं का? सासूबाईंना कळू द्यायचं नाही. कुणी यातून गेलं असेल तर सगळं खरं सांगा.

वाळव्याची_माई:
अगं, मी गेलेय. 2021 ला, तेव्हा मी 34 ची होते, सात आठवडे झाले होते. जसं घडलं तसं लिहिते.

मंगळवारी दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर पहिली गोळी घेतली. त्या दिवशी काहीच झालं नाही, घरी येऊन भाकरी थापल्या. मला वाटलं गोळी लागूच पडली नाही. पण तसंच असतं. पहिल्या गोळीनं गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम थांबतं, पिशवी आकसून गर्भ बाहेर पडतो तो दुसऱ्या गोळ्यांनी.

गुरुवारी साडेनऊला दुसऱ्या गोळ्या. तासाभरात हुडहुडी भरली, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते, दोनदा जुलाब झाले. अकराला कळा सुरू झाल्या. पाळीच्या कळा नव्हेत, बाळंतपणाच्या पहिल्या कळांसारख्या. दुखण्याची गोळी आधीच दिली होती ती घेतली. बाराच्या सुमारास गाठी पडायला लागल्या, एक तर लिंबाएवढी. घाबरले, रडले. चार वाजता कळा ओसरल्या. पुढं अकरा दिवस थोडं थोडं जात राहिलं.

म्हणून सांगते, तो गुरुवार तुझ्या त्या घरात काढू नकोस. पाच-सहा तास बाथरूम तुझ्या एकटीच्या ताब्यात पाहिजे आणि जवळ एक बाई पाहिजे, जिच्यासमोर तुला रडता येईल. माझ्याजवळ माझी बहीण होती.

सिस्टर_मिरज:
मी 31 वर्षं सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते, आता घरी असते. पोरी, ते दीड हजार परत डब्यात ठेव.

कारण नीट ऐक. तुझी पाळी अजून बसलेलीच नाही, त्यामुळे तुझा पाच आठवड्यांचा हिशेब धरता येत नाही. आपल्याकडं या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच देतात, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 63 दिवस. त्यापुढं अर्धवट पडण्याचा आणि जास्त रक्त जाण्याचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे, गर्भ पिशवीत आहे की बाजूच्या बीजनळीत हे पट्टीला कळत नाही. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. थोडं रक्त जातं, बाईला वाटतं झालं मोकळं, आणि आठ दिवसांनी नळी फुटून पोटात रक्त साठतं. मी अशा बाया स्ट्रेचरवरून आत नेल्यात. म्हणून आधी सोनोग्राफी. तिथं आधार मागतील, फॉर्म भरून घेतील, भिऊ नको. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला तो भरतात.

सहीचं म्हणशील, तर अठरा पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. 1971 चा गर्भपाताचा कायदा हेच सांगतो. तुझं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे, 2021 च्या दुरुस्तीनं त्याला एक वर्षापर्यंत कैद ठेवलीय. आमच्या सांगली जिल्ह्यात 2017 ला म्हैसाळला ओढ्याकाठी 19 अर्भकं सापडली, तेव्हापासून गर्भपात हा शब्द काढला तरी लोक दचकतात. पण ते मुली पाडण्याचं पाप होतं. तू मागतेस तो कायद्यानं दिलेला उपचार आहे.

साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर इकडं सांगलीला वसंतदादा पाटील रुग्णालयात ये. पैसे लागत नाहीत. सिझर झालंय, बाळ पितंय, आधी तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवली असेल तर तेही, सगळं सांग. सिझरमुळं गोळ्या अडत नाहीत. अंगावरचं तोडायचीही सहसा गरज पडत नाही. रक्त मात्र तपासून घे. फार कमी असेल तर डॉक्टर गोळ्या देणार नाहीत. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर इंजेक्शनचं ते ठरवतील.

आणि क्युरेटिनला एवढी भिऊ नकोस. आता पूर्वीसारखं खरवडत नाहीत, खरवडूही नये. बारीक नळीनं ओढून घेतात, दहा मिनिटांचं काम, चिरा नाही, टाका नाही. ज्या बाईला घरात आडोसा नाही तिला कधीकधी तेच सोपं जातं. गोळ्यांनी शंभरातल्या चार-पाच जणींचं अपुरं राहतं, मग तेच करावं लागतं. गोळ्या घेऊनही गर्भ राहिला तर तो वाढवायचा नसतो, बाळात व्यंग येऊ शकतं. हे कबूल असेल तरच गोळ्या घे.

कृष्णाकाठ_22:
सिस्टर, लग्न झालेलं नसेल तर?

सिस्टर_मिरज:
नऊ आठवड्यांच्या आत लग्नाचा प्रश्नच येत नाही. 2021 च्या दुरुस्तीत "नवरा" काढून "जोडीदार" शब्द घातला. 24 आठवड्यांपर्यंतची सवलतही अविवाहित मुलीला नाकारता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं. जी कुणी असेल तिला म्हणावं, उशीर करू नको.

कोरेगावची_सून:
ताई, सिस्टर, सरकारी दवाखान्यात जाऊन आले. सोनोग्राफीत सात आठवडे तीन दिवस निघाले. मी पाच धरून बसले होते, ऊस संपेपर्यंत थांबू म्हणत होते. थांबले असते तर नऊच्या पुढं गेले असते. गर्भ पिशवीतच आहे. रक्त 9.2 आहे, डॉक्टर म्हणाल्या चालेल, पण लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. सही माझी एकटीचीच घेतली. नळीनं ओढून घ्यायचंही समजावून सांगितलं, तरी मी गोळ्याच म्हटलं.

दुसऱ्या गोळ्यांसाठी मिरजेला मावशीकडं आलेय. घरी सांगितलं, तिला बरं नाही. बाळ बरोबरच आहे. सकाळी दहाला घेतल्या. माई, तुमची हुडहुडी अगदी तशीच आली, पण माहीत होतं म्हणून भ्यायले नाही. दोन वाजता मोठी गाठ पडली. आता पाच वाजलेत. पॅड दोन तासांनी बदलतेय. मावशीनं पेज दिलीय. सिस्टर, एवढं जाणं ठीक आहे ना?

सिस्टर_मिरज:
ठीक आहे. तासाला दोन मोठे पॅड भिजले आणि असं सलग दोन तास चाललं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. चक्कर, उद्यानंतरही राहिलेला ताप, घाण वास, यातलं काही झालं तरी तसंच. मावशीला हे वाचून दाखव, आणि रिक्षावाल्याचा नंबर आत्ताच घेऊन ठेव. पंधराव्या दिवशी तपासणीला जाच, बरं वाटलं तरी. तांबीचं त्याच दिवशी बोलून घे, कारण पाळी यायच्या आधीच परत दिवस राहू शकतात. आता पेज पी आणि झोप.