गोव्यात कुठे, किती वाजता आणि काय: पणजी-म्हापसा-मडगावच्या साध्या जागांचे अनुभव

किनाऱ्यावरच्या शॅकची माहिती हवी तेवढी मिळते. पण पणजीत कामाला येणारा माणूस सकाळी कुठे पाव-भाजी खातो, दुपारी कुठे नुस्त्याचे, म्हणजे मासळीचे जेवण जेवतो आणि संध्याकाळी कुठल्या ताव्हेर्नात (दारूच्या छोट्या गुत्त्यात) टेकतो, हे कुणी नीट लिहीत नाही. म्हणून हा धागा. "मस्त आहे, जरूर जा" एवढे लिहून थांबू नका. वेळ, मागवण्याचा क्रम, आणि कुठे फसगत होते व का, ते लिहा. हॉटेलाबद्दल तक्रार असेल तर नाव न घेता चूक काय होती तेवढे सांगा, म्हणजे ती दुसरीकडेही ओळखता येईल.

सुरुवात मीच करतो, पुढे इतरांची भर. गोव्यात हॉटेलाच्या नावाआधी घड्याळ पाहावे. एकच जागा सकाळी आठला उत्तम असते आणि अकराला तिथे काही उरलेले नसते.

पणजी, सकाळची पाव-भाजी

सिने नॅशनल थिएटरजवळचे कॅफे भोसले आणि जुने कॅफे टाटो, दोन्ही शाकाहारी आणि दोन्हीकडे गर्दी. मुंबईची पावभाजी डोक्यात ठेवून जाऊ नका. इथे भाज्या वेगवेगळ्या असतात: बटाट्याची सुकी, पातळ भाजी, चण्याची, अळसांद्यांची (चवळीची), टोमॅटोची. नवख्याने 'मिक्स' मागवावी. पातळ भाजीवर सुकी घालून देतात, पाव बुडवायला रस मिळतो आणि बटाटाही लागतो. नुसती सुकी मागवली तर तिसऱ्या घासाला पाव घशात अडकतो.

पाव कुठला तेही सांगा. साधा पाव मऊ, बाजूंनी जोडलेला, पातळ भाजीला तोच. उंड्याची पाठ कडक, तो रसात टाकला तरी लवकर विरघळत नाही. पोई कोंड्याची, आतून पोकळ. पोदेराची (पाववाल्याची) पहिली फेरी पहाटे आणि दुसरी दुपारनंतर चार-पाचच्या सुमारास होते. त्यामुळे सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा, या वेळांत पाव ताजा मिळण्याची खात्री जास्त.

बन्स मागवायचे तर पहिल्या तासात. केळे कुस्करून घातलेल्या पिठाचे ते तळलेले गोड बन्स गार झाले की चिवट होतात, आणि ढिगातले खालचे तर तेलकटही. कढईतून बाहेर येताना दिसले तरच घ्या. त्याबरोबर पातळ भाजी, आणि मग मिर्ची भजी. चहात साखर बरीच असते, कमी हवी तर आधीच सांगावे.

सांत इनेज, पणजी

वरच्या पाव-भाजीच्या जागांबद्दल एक भर. टेबल वाटून घेण्याची पद्धत आहे. चौघांच्या टेबलावर दोघे बसलेले असतील तर विचारून समोर बसावे, कुणाला काही वाटत नाही. रिकाम्या टेबलाची वाट बघत दारात उभे राहिलात तर मागचे पुढे जाऊन बसतात.

नुस्त्याचे जेवण, दुपार

हा विषय मोठा आहे, सविस्तर लिहिते.

अठरा जून रस्त्यावरचे रिट्झ क्लासिक पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे एक वाजता जिन्यापर्यंत रांग असते. सव्वाबाराला पोचावे. दादा वैद्य रस्त्यावरचे कोकणी कॅन्टीनही याच कामाचे. दोन्हीकडे थाळीत शीत (भात), हुमण (खोबऱ्याची मासळीची आमटी), एखादे सुके, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), भाजी, सोलकढी आणि तळलेल्या नुस्त्याचा तुकडा असे साधारण येते. मासळी रोजच्या बाजारावर बदलते.

थाळीबरोबर वेगळा तळलेला मासा घ्यायचा असेल तर आकार पाहूनच घ्यावा. चणक (जिताडा), पापलेट, तामसो (तांबोशी), मोठी विसवण (सुरमई) यांचे भाव बहुतेक ठिकाणी मेन्यूकार्डावर छापलेले नसतात, त्या दिवशीच्या आकारावर ठरतात. मासा ताटात आणून दाखवतात, तेव्हाच किंमत विचारावी. तव्यावर गेल्यावर विचारून उपयोग नाही. बिलावरून होणारी बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात.

रवा फ्राय की मसाला? चणक आणि विसवणीच्या तुकडीला रवा. बांगडा चिरून आत रेशाद (लाल आंबट-तिखट मसाला) भरलेला बरा, कारण त्याच्या तेलाला व्हिनेगर आणि लाल मिरचीचा आंबट तिखटपणा लागतो. रवा मऊ पडलेला असेल तर समजावे की मीठ लावलेला मासा पाणी सुटेपर्यंत ठेवला होता आणि न पुसताच रव्यात घोळवला. चांगल्या तुकडीचा रवा दाताखाली वाजतो आणि आतले मांस पाकळीपाकळीने सुटते.

हुमण ओळखायला शिका. बांगड्याच्या आणि तारल्यांच्या हुमणात तिरफळ असते, सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणात सहसा नसते. सुंगटांत उन्हाळ्यात तोरांची, म्हणजे कच्च्या आंब्याची फोड येते, एरवी सोलां (आमसुले) किंवा आंबाडे. तिरफळ चावायचे नसते, वासापुरते घ्यायचे आणि ताटाच्या कडेला ठेवायचे. ते चावले की जीभ काही मिनिटे बधिर होते आणि मग बाकीच्या जेवणाची चव कळत नाही. हुमणाच्या कडेने तेल आणि पाणी वेगळे दिसत असेल तर ते पुन्हा उकळलेले आहे. वाटलेल्या खोबऱ्याचे हुमण जोरात उकळले की फुटते, म्हणून घरी ते मंद आचेवर ठेवतात. जेवणाच्या गर्दीत हॉटेलवाल्यांना ते जमत नाही. लवकर जाण्याचे हेही एक कारण.

उकडे तांदूळ हवे असतील तर 'उकडे शीत' असे सांगून मागावे. न सांगता बहुतेक जागी पांढरे शीत येते. हुमण उकड्यावरच खरे लागते, दाणा मोठा असल्यामुळे रस धरतो.

किसमूर कुरकुरीत नसेल तर परत पाठवायला हरकत नाही. सुकी सुंगटां भाजून, त्यांत खोबरे, कांदा आणि सोलांचे पाणी घालून कालवतात. आधी कालवून ठेवले की तासाभरात मऊ पडते. सोलकढीचा रंग फिकट जांभळट गुलाबी असतो. भडक गुलाबी दिसली तर रंग घातलेला असू शकतो.

मडगाव

जेवणाबद्दल वर जे लिहिले ते दक्षिणेतही तसेच. फक्त दोन गोष्टी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. या दोन महिन्यांत विसवण-पापलेट मागवले तर बर्फातले किंवा बाहेरून आलेले मिळते, आणि भाव मात्र चढलेला असतो. तेव्हा शेवटे, काळुंद्रे (दोन्ही खाडीतले मासे), खाजणातली सुंगटां, तिसऱ्यो (शिंपल्या), सुक्या बांगड्याचे पदार्थ मागवा. पावसाळ्यात अळमी (अळंबी) मिळाली तर सोडू नये. ती वारुळांवर उगवणारी रानअळमी थोडेच आठवडे येते, आणि तिची शागोती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यांचा रस्सा) चिकनच्या शागोतीपेक्षा महाग असते.

दुसरे, श्रावण आणि चतुर्थी. हिंदू मालकांच्या खाणावळी चवथीला काही दिवस बंदच असतात. श्रावणात कित्येक ठिकाणी मासळी नसते, पण याच महिन्यात खतखते (मिश्र भाज्यांचा रस्सा), मुगागाठी (मोडाच्या मुगांची आमटी), अळसांद्यांचे तोंडाक (रस्सा) उत्तम मिळते. खतखत्यात किमान पाच भाज्या, वर तिरफळ आणि गूळ. शाकाहारी पाहुणे असतील तर हाच महिना निवडा. उलट कॅथलिक मालकांची बरीच हॉटेले रविवारी बंद किंवा फक्त दुपारपुरती उघडी. मडगावच्या पालिकेसमोरचे लोंगिन्योस हे हॉटेल रिसोय (करंजीसारखे तळलेले), क्रोकेत (खिम्याचे तळलेले रोल) आणि पॅटिससाठी. रिसोयच्या आत सुंगटांचे पांढरे सारण असते, ते गरमच खावे, गार झाले की पिठूळ लागते.

फोंतेन्यस आणि साओ तोमे

पणजीच्या या जुन्या वस्त्यांत गाडी आत नेऊ नका. गल्ल्या अरुंद, वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की कुणालाच मागे सरता येत नाही. पाट्टोवर बहुमजली पार्किंग आहे, तिथे ठेवून खाडी ओलांडून चालत यावे. एकतीस जानेवारी रस्त्यावर विवा पणजी आहे, घरातल्या पंगतीसारखे. काफ्रेआल (हिरव्या मसाल्याचे चिकन) मागवायचे तर बाकी सगळे ठरवण्याआधी ते सांगून टाका. हाडासकट चिकनला वेळ लागतो, आणि बोनलेस मागवलात तर मसाला बाहेरच राहतो. खऱ्या काफ्रेआलचा रंग मळकट हिरवा असतो, कोथिंबीर आणि मिरची शिजून रंग उतरतो. चकचकीत हिरवे दिसले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) ताजे मागू नका, दोन-तीन दिवसांचे चांगले. व्हिनेगर मुरते, चरबी मऊ होते. बरोबर सान्नां (इडलीसारखी) असतील तर ती वाफाळती असतानाच. सान्नां गार झाली की रबरासारखी होतात, आणि पुन्हा वाफवली तरी पूर्ववत होत नाहीत.

चौरिस (डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज)-पाव पोईत मागावा. चौरिसात मीठ, व्हिनेगर आणि चरबी इतकी असते की तो शिजवताना तेल-मीठ घालत नाहीत. कांदा-बटाटा घालून मंद आचेवर वीसेक मिनिटे. घाई केली तर चरबी वेगळी होते आणि पाव तेलाने गळतो. पोईचा पोकळ खिसा ती शोषून घेतो, साधा पाव फाटतो. घरी न्यायचा तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या असतात. हाताला कोरडी लागणारी माळ निवडा, ओलसर असेल ती नीट सुकलेली नाही.

गाडे, संध्याकाळी सात नंतर

रॉस आमलेट. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलेले दोन अंड्यांचे आमलेट, त्यावर चिकन शागोतीच्या रसाचे दोन-तीन पळे, वर कच्चा कांदा, लिंबू. बरोबर पाव. गाडा निवडण्याची एकच खूण: रस उकळतो आहे की नुसता कोमट आहे. रस पातेल्यात आटत जातो तसा खारट होतो, मग गाडेवाला पाणी ओततो आणि मसाला पाण्यावर तरंगतो. साडेसात ते नऊ उत्तम, साडेदहानंतर टाळा. आमलेट तव्यावरून काढल्याबरोबर रस घालायला सांगा. खोबरे जास्त भाजले गेले असेल तर शेवटी जिभेवर कडवट चव राहते. असा गाडा पुन्हा नको. त्याच गाड्यांवर कटलेट-पाव मिळतो. तो मागताना कुठल्या मांसाचा ते विचारावे, कुणी राग धरत नाही.

ताव्हेर्न: हुर्राक आणि फेणी

पणजीत साओ तोमेतला जोझेफ बार छोटासा आहे, बाहेर गल्लीत उभे राहून पिणारे जास्त. आधी हुर्राकीबद्दल.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली धार. मद्यांश साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. मार्च ते मे हाच तिचा काळ, मागाहून वास उतरत जातो. ऑक्टोबरात कुणी 'ताजी हुर्राक' म्हणून पुढे केली तर घेऊ नका. साठ मिली हुर्राक, लिम्का, उभी चिरलेली हिरवी मिरची, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, बर्फ. मिरची चेचू नका, नुसती चिरून टाका. चेचली की तिखट सगळ्या ग्लासात उतरते आणि काजूचा वास हरवतो. गोड असल्यामुळे ती हलकी वाटते आणि प्रमाण सुटते. पुढचा ग्लास मागवण्याआधी एक ग्लास पाणी प्यावे.

फेणी ही दुसऱ्यांदा गाळलेली, मद्यांश ४२ टक्क्यांच्या पुढे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पहिल्यांदा घेणाऱ्याने तीस मिली, पाणी किंवा सोडा आणि लिंबू. कोकमाच्या सरबताबरोबरही जमते. माडाची फेणी नारळाच्या सुरेपासून होते, वास मवाळ, ती जास्त करून दक्षिणेत. काजूचा वास सहन होत नाही त्यांनी माडाची मागावी. बाटली हलवली की वर बारीक मणी येतात आणि थोडा वेळ टिकतात, ही जुनी पारख. लगेच विरले तर पाणी जास्त.

बरोबर खायला मीठ लावलेले तोर, तळलेल्या वेर्ल्या (बारीक मासे), चौरिस-मिरची. ताव्हेर्नात पूर्ण जेवणाची अपेक्षा धरू नये. बरीच जुनी ताव्हेर्ने दुपारी बंद होऊन संध्याकाळी उघडतात आणि रात्री लवकर मिटतात. सातला जावे.

म्हापसा

बेबिंक या थरांच्या गोड पदार्थाबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, तूप, मैदा. एक थर भाजून मगच पुढचा ओततात, आच वरून देतात, कमीत कमी सात थर. फ्रीजमधून काढून लगेच वाढले तर तूप गोठलेले असते आणि थर रबरासारखे लागतात. अर्धा तास बाहेर ठेवून खा.  चौकोनी पाकिटे नेणार असाल तर तारीख पाहून घ्या.

पुन्हा पणजी, परतीबद्दल

हे कुणी विसरू नये. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची मर्यादा आहे. दोन ग्लासांतही ती ओलांडली जाऊ शकते. गावांकडे जाणाऱ्या बसेस संध्याकाळनंतर विरळ होतात, त्यामुळे परतीची सोय पहिल्या ग्लासाआधी करा. गोवा माइल्स ॲपची टॅक्सी पणजीत मिळते, आतल्या गावी परत येणारी मिळेलच असे नाही. दुचाकी पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) बसस्टँडवर आणि बाजारात उभे असतात, भाडे बसण्याआधी ठरवा. हॉटेलातून उरलेली बाटली घेऊन रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर बसू नका, उघड्यावर पिण्याला बंदी आहे आणि पोलीस दंड करतात.